मराठी मॅस्टोडॉन सर्व्हर: मॉडरेशनमधला पक्षपात कसा आवरायचा?

उमा_पार्ले

मुंबईतल्या मराठी माणसांसाठी एक मॅस्टोडॉन सर्व्हर उभा करायचं चाललं आहे. मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखं, खुल्या कोडचं (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर: जो तो आपला सर्व्हर चालवतो आणि सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतात. सुरुवातीला सदस्य दोनशेच्या आसपास असतील. विषयांना कुंपण नाही, पण काय येणार ते दिसतंच आहे: लोकल, पाणीकपात, पुनर्विकास, नाटक, महापालिका आणि मराठी-हिंदी. मॉडरेटर म्हणून तिघे तयार आहेत आणि तिघांचंही राजकीय मत साधारण एकाच बाजूचं आहे. मला खुपतंय ते हेच.

मोठ्या कंपन्यांच्या मंचावर खातं का उडालं ते धड कळत नाही, दाद मागायला माणूस सापडत नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा भारतातले कितीतरी लोक याच कारणासाठी मॅस्टोडॉनवर आले. पण सॉफ्टवेअर बदललं म्हणून माणसाचा कल बदलत नाही. इथे तर ॲडमिनच मालक, ॲडमिनच पोलीस आणि न्यायाधीशही तोच.

माझं मत असं की मॉडरेशन हवंच, पण त्यातला पक्षपात सदस्यांना पकडता आला पाहिजे. ते प्रत्यक्षात कसं करायचं? नियम किती बारीक लिहायचे, बाहेरचे सर्व्हर ब्लॉक करायच्या तयार याद्या उचलायच्या का, चुकलेला निर्णय फिरवायची सोय कुठे ठेवायची? ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी तपशिलात लिहावं.

खटपट्या

आधी एक गल्लत दूर करू. ओपन सोर्सचं स्वातंत्र्य कोडला आहे, बोलण्याला नाही. मॅस्टोडॉनचा एजीपीएल परवाना (बदललेला कोड खुला ठेवायची अट घालणारा) कोणालाही, कुठल्याही कामासाठी ते चालवू देतो. म्हणून २०१९ च्या जुलैमध्ये गॅब (अति-उजव्यांचा अमेरिकी मंच) मॅस्टोडॉनच्या कोडवर आलं तेव्हा मूळ निर्माते ऑयगन रोख्को यांना परवान्याच्या जोरावर ते अडवता आलं नाही. अडवलं ते बाकीच्या सर्व्हरांनी, आपापल्या बाजूने ब्लॉक करून. मॅस्टोडॉन वापरायच्या टस्कीसारख्या ॲपने तिथलं लॉगिनच बंद केलं. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशलनेही हाच कोड उचलला. तिथे परवान्याच्या अंगाने आक्षेप निघाला तो मजकुरावर नव्हता, बदललेला कोड खुला केला नाही यावर होता. तो त्यांना नंतर द्यावा लागला.

म्हणजे केंद्रातून कोणी सगळ्यांचं तोंड बंद करू शकत नाही. कोणाचं ऐकून घ्यायचं हे हजारो ॲडमिन आपापलं ठरवतात. त्या हजारांपैकी एकीने कसं वागावं, एवढाच तुमचा प्रश्न आहे, आणि तो कोडने सुटणारा नाही.

मुक्तछंद

मग मॉडरेशनच कशाला? प्रत्येकाकडे म्यूट, ब्लॉक आणि फिल्टर आहेत. ज्याला नको त्याने वाचू नये. कायद्याने गुन्हा ठरेल तेवढंच काढा, बाकी सगळं राहू द्या.

निशिगंध

मुक्तछंद, असहमत. एखादीच्या घराचा पत्ता आणि मुलांच्या शाळेची वेळ कोणी चव्हाट्यावर मांडली, तर तिने ब्लॉक केल्याने काय होतं? तिला ती पोस्ट दिसेनाशी होते, बाकी सगळ्यांना दिसतच राहते. ब्लॉक हा वाचणाऱ्याचा बचाव आहे, जिच्याबद्दल लिहिलंय तिचा नाही. शिवाय दहाजण रोज अंगावर येणार असतील तर ती बाई वाद न घालता निघून जाते. बोलणं तिचंही बंद झालंच ना? त्याची नोंद मात्र कुठल्याच सेन्सॉरच्या खात्यावर होत नाही.

दुसरं असं की तुम्ही न केलेल्या मॉडरेशनचा दंड तुमच्या सगळ्या सदस्यांना बसतो. डिसेंबर २०२२ मध्ये छोटे संगणक बनवणाऱ्या रास्पबेरी पाय कंपनीने पोलिसांत छुप्या पाळतीची उपकरणं बनवलेल्या माणसाला नोकरी दिल्याची पोस्ट टाकली. वाद पेटला, त्यात कंपनीच्या खात्यावरून लोकांना तुसडी उत्तरं गेली, आणि बऱ्याच ॲडमिननी कंपनीचा सर्व्हर ब्लॉक केला. तो कंपनीचा स्वतःचाच सर्व्हर होता. तुमच्याकडे दोनशे लोक असतील, त्यातल्या एकाच्या पायी एकशे नव्व्याण्णव जणांचे बाहेरचे संबंध तुटू शकतात.

दादर_स्लो

निशिगंधला +१. आणि मुक्तछंदच्या 'कायद्याने गुन्हा असेल तेवढंच' यात गोम आहे. गुन्हा आहे की नाही हे रात्री साडेअकराला ठरवणार कोण? मॉडरेटरच. म्हणजे फिरून तिथेच आलो.

सर्व्हर_मुलुंड

आता आतलं सांगतो. पक्षपात किती नुकसान करतो हे मॉडरेटर कुठलं बटण दाबतो यावर अवलंबून आहे, आणि बऱ्याच जणांना बटणांमधला फरकच माहीत नसतो.

स्थानिक सदस्यावर कारवाईच्या पायऱ्या अशा आहेत. नुसता इशारा. पोस्ट काढणं किंवा 'संवेदनशील' म्हणून झाकणं. खातं गोठवणं: सदस्याला वापरता येत नाही, पण मजकूर जागेवर राहतो. मर्यादित करणं: सदस्य लिहू शकतो, आधीपासूनच्या अनुयायांना दिसतो, पण सार्वजनिक टाइमलाइनवर येत नाही आणि प्रोफाइल इशाऱ्यामागे जातं. शेवटचं निलंबन: प्रोफाइल गायब, आणि साधारण ३० दिवसांनी मजकूर कायमचा पुसला जातो. त्या ३० दिवसांत लॉगिन करून आपल्या डेटाचा बॅकअप तेवढा मागता येतो.

३.५ आवृत्तीपासून (मार्च २०२२) प्रत्येक कारवाईची सदस्याच्या खात्यावर नोंद होते आणि तिच्यावर २० दिवसांच्या आत अपील करता येतं. पण अपील जातं त्याच सर्व्हरच्या मॉडरेटरकडे. ज्याने निलंबित केलं त्यानेच अपील फेटाळलं तर सॉफ्टवेअर त्याला अडवत नाही. 'अपील दुसऱ्याने बघायचं' हा नियम तुम्हालाच लिहून पाळावा लागेल.

याहून मोठं भोक दुसरीकडे आहे. ही नोंद आणि अपील फक्त तुमच्या सर्व्हरच्या सदस्याला मिळतं. बाहेरच्या सर्व्हरवरच्या माणसाला तुम्ही तुमच्याकडे मर्यादित किंवा निलंबित केलंत तर त्याला कळवलंही जात नाही. मनातली अढी सर्वांत सोप्या रीतीने इथे बाहेर पडते, कारण विचारणारं कोणी नाही. दूरच्या खात्यावरच्या कारवाया महिन्यातून एकदा ऑडिट लॉगमधून (मॉडरेटरांच्या कृतींची नोंद) काढून दुसऱ्या मॉडरेटरने तपासायच्या, एवढं तरी ठेवा.

श्रावणसर

'मर्यादित' म्हणजे ज्याला शॅडोबॅन (न सांगता लपवणं) म्हणतात तेच ना? मग ते ओपन सोर्सवर आल्याने काय फरक पडला?

सर्व्हर_मुलुंड

श्रावणसर, परिणाम बराच सारखा आहे, गुपित ठेवण्यात फरक आहे. स्थानिक सदस्याला ईमेल जाते, कारण लिहिता येतं, कुठल्या पोस्टमुळे हे जोडता येतं. मात्र ईमेल पाठवायची की नाही हा पर्याय मॉडरेटरच्या पडद्यावर असतो. ती खूण काढली तर तुम्ही म्हणता तेच होतं. नियमात लिहा: खूण काढायची नाही, अपवाद फक्त स्पॅम बॉटचा.

खटपट्या

तयार याद्यांबद्दल. ४.१ आवृत्तीपासून ब्लॉक केलेल्या डोमेनची (सर्व्हरच्या पत्त्यांची) सीएसव्ही फाइल (साधा तक्ता) आयात-निर्यात करता येते. सोय मोठी आहे आणि धोकाही तिथेच. कोणीतरी तिसऱ्याने तीन वर्षांपूर्वी कुठल्या भांडणात कोणाला यादीत घातलं, ते कारण फाइलमध्ये बहुतेक वेळा नसतं. यादी उचललीत की त्याचा पूर्वग्रह तुमचा झाला, आणि सदस्याने विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नाही.

पण यादीच नको हेही चालणार नाही. स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीच्या जुलै २०२३ च्या अहवालात मोठ्या सर्व्हरांच्या फक्त दोन दिवसांच्या तपासणीत बालकांच्या लैंगिक शोषणाच्या, आधीपासून ज्ञात असलेल्या सामग्रीच्या ११२ जुळण्या सापडल्या होत्या. असा मजकूर दुसऱ्या सर्व्हरवरून तुमच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) आपोआप उतरतो. तो तुमच्या डिस्कवर असतो, हे विसरू नका.

म्हणून दोन थर करा. ज्यांच्याबद्दल वाद नाही (बालशोषण, उघड छळाचे अड्डे, स्पॅम) ते पहिल्या दिवशी पूर्ण ब्लॉक. बाकीची यादी आयात न करता नुसती वाचायला ठेवा. त्यातल्या सर्व्हरकडून तुमच्या सदस्याला प्रत्यक्ष त्रास झाला तरच कारवाई, आणि तीही स्वतः दोन पोस्ट वाचून.

कायद्यातल्या फरकामुळे झालेले ब्लॉकही असतात, त्यांना पक्षपात म्हणू नका. २०१७ मध्ये जपानचा पावू सर्व्हर आला. तिथली काही चित्रं जपानी कायद्यात बसत होती, युरोपातल्या कित्येक देशांत नव्हती. कितीतरी ॲडमिननी त्याला तोडलं. अशा ठिकाणी पूर्ण तोडण्याऐवजी 'मीडिया नाकारा' हा पर्याय वापरता येतो: मजकूर येतो, चित्रं साठवली जात नाहीत.

सर्व्हर_मुलुंड

खटपट्यांच्या म्हणण्यात एक भर, आणि ही फार महत्त्वाची आहे. डोमेन 'निलंबित' केलं की त्या सर्व्हरशी असलेली सगळ्यांची अनुयायी-नाती तुटतात. उद्या ब्लॉक उठवला तरी ती आपोआप जुळत नाहीत. ४.३ पासून (ऑक्टोबर २०२४) सदस्याला याची सूचना मिळते आणि तुटलेल्या नात्यांची यादी उतरवून घेता येते, पण जोडायचं काम हातानेच करावं लागतं. डोमेन 'मर्यादित' केलं तर काहीच तुटत नाही. वादाच्या रात्री कधीही थेट निलंबन करू नका. आधी मर्यादित करा, ४८ तास जाऊ द्या, मग दोघांनी मिळून ठरवा.

आणि ब्लॉकच्या फॉर्मवर दोन रकाने असतात, खासगी टीप आणि सार्वजनिक टीप. सार्वजनिक रकाना रिकामा सोडायचा नाही. 'माहिती' पानावर ही यादी कोणाला दाखवायची याची सेटिंग आहे: कोणालाच नाही, लॉगिन केलेल्यांना, किंवा सर्वांना. 'सर्वांना' ठेवा.

वकील_फोर्ट

कायद्याची बाजू, कारण मुक्तछंद यांचा मुद्दा तिथे येतो.

घटनेच्या १९(१)(अ) चं अभिव्यक्तिस्वातंत्र्य पारंपरिक समजुतीप्रमाणे सरकारविरुद्ध आहे, खासगी ॲडमिनविरुद्ध नाही. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलं की १९ आणि २१ खालचे हक्क सरकारेतर व्यक्तींविरुद्धही बजावता येतील. छोट्या सर्व्हरच्या मॉडरेशनला ते कितपत लागू होईल हे वेगळं प्रकरण, पण 'माझा सर्व्हर, माझी मर्जी' हे वाक्य नियमावलीत नको.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली तुम्ही मध्यस्थ आहात. लोकांनी लिहिलेल्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही, पण काही अटी पाळल्या तर. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर जाहीर करावा लागतो. ही अट दोनशे सदस्यांच्या सर्व्हरलाही आहे. ५० लाख सदस्यांची मर्यादा आहे ती मोठ्या मंचांवरच्या जादा जबाबदाऱ्यांसाठी. न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशानंतर मजकूर काढायला मूळ नियमांत ३६ तास होते. मुदतींमध्ये दुरुस्त्या होत असतात, तेव्हा अधिसूचनेची ताजी प्रत समोर ठेवूनच पान लिहा. शिवाय सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सुरक्षेच्या घटना ६ तासांत कळवणं आणि लॉग १८० दिवस ठेवणं आहे.

कोणीतरी 'हे काढा नाहीतर केस करतो' अशी ईमेल पाठवली म्हणून घाबरून मजकूर काढू नका. श्रेया सिंघल निकालाने (२४ मार्च २०१५) स्पष्ट केलंय की कलम ७९ मधली 'प्रत्यक्ष माहिती' म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना. त्याच निकालात कलम ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला शिक्षा ठरवणारं) रद्द झालं. त्यामागचं प्रकरण आपल्या शेजारचं आहे: नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून पालघरला दोन तरुणींना अटक झाली होती. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुणाल कामरा यांच्या याचिकेवर केंद्राच्या 'फॅक्ट चेक' कक्षाचा नियम रद्द ठरवला. सरकारबद्दलचं खरंखोटं सरकारनेच ठरवायचं, हे न्यायालयाने चालू दिलं नाही.

मुक्तछंद

वकीलसाहेब, आभार. माझं म्हणणं थोडं सुधारतो. मॉडरेशन असू द्या, पण 'अपमानकारक', 'विषारी', 'नकारात्मक' असले शब्द नियमात नकोत. त्या शब्दांत काहीही बसवता येतं.

निशिगंध

याला मात्र पूर्ण अनुमोदन. नियम वागणुकीचे लिहा, भावनेचे नको. 'परवानगीशिवाय कोणाचा पत्ता, फोन, कामाचं ठिकाण टाकू नये', 'थांब सांगितल्यावर त्याच माणसाला पुन्हा टॅग करू नये', 'जात, धर्म, भाषा, प्रांत, लिंग यावरून माणसाला कमी लेखू नये', 'मारहाणीची धमकी किंवा चिथावणी नको'. मॅस्टोडॉनमध्ये तक्रार करताना 'सर्व्हरचा नियम मोडला' हा पर्याय घेतला की सदस्याला तुमच्या नियमांची यादी दिसते आणि कुठला मोडला ते निवडावं लागतं. नियम पंधरा असतील तर कोणी वाचत नाही, सहा-सात पुरे.

गिरगाव_गल्ली

मुंबईत खरी परीक्षा मराठी-हिंदीच्या धाग्यावर होणार. 'भय्या' म्हणून हिणवलेलं मॉडरेटरला चालतं आणि 'घाटी' म्हटलं की तो लगेच पोस्ट काढतो, किंवा याच्या उलट. दोन्ही पक्षपातच. २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावरून वातावरण तापलं आणि महिनाअखेरीस सरकारने तो मागे घेतला. तसे दिवस पुन्हा आले की तक्रारींचा ढीग पडेल.

यावर उपाय आहे, थोडा वेळ खाणारा. तक्रार आलेली पोस्ट साध्या फाइलमध्ये उतरवा, लेखकाचं नाव काढा, आणि गटाचं नाव उलटं करून दुसऱ्या मॉडरेटरला द्या: मराठीच्या जागी हिंदी, भाडेकरूच्या जागी घरमालक, या पक्षाच्या जागी तो पक्ष. त्याने जो निर्णय दिला तोच मूळ पोस्टला लावा. निर्णय वेगळा निघाला तर तिघांनी बसून कारण लिहायचं. मात्र जातीच्या बाबतीत ही उलटापालट आंधळेपणाने चालत नाही. खालच्या ठरवलेल्या जातीच्या माणसाने वरच्याला बोलणं आणि वरच्याने त्याला बोलणं हे तराजूत सारखं बसत नाही. काही जातनावं कोणी अभिमानाने लावतो, तीच दुसरा शिवीसारखी फेकतो. तिथे वाक्य पूर्ण वाचावं लागतं, आणि तुमच्या तिघांत ते ओळखणारं कोणी नसेल तर चौथा माणूस हवा.

श्रावणसर

झुंडीने तक्रारी केल्या तर? पन्नास तक्रारी आल्यावर खातं आपोआप बंद होतं का?

सर्व्हर_मुलुंड

नाही. मॅस्टोडॉन तक्रारींची संख्या बघून स्वतः काही करत नाही. एका खात्यावरच्या सगळ्या तक्रारी मॉडरेटरला एकत्र दिसतात, एवढंच. पण पन्नासचा आकडा बघून माणूस बिचकतो, तेव्हा सवय अशी लावा: आधी पोस्ट वाचायची, मग तक्रार, आकडा सर्वांत शेवटी. तक्रार दुसऱ्या सर्व्हरला पुढे पाठवली तर तक्रारदाराचं नाव जात नाही, सर्व्हरच्या नावाने जाते. तुमच्या मॉडरेटरला मात्र तक्रारदार दिसतो. 'अरे, ही तर आपली अमुक' हा कल तिथून शिरतो.

अक्षरजुळणी

कोणीतरी 'शिव्यांची यादी टाकून फिल्टर लावा' म्हणेल, म्हणून आधीच लिहून ठेवते. मॅस्टोडॉनमध्ये सर्व्हरभर शब्दगाळणी नाही, फिल्टर ज्याचा त्याने लावायचा. प्लेरोमा-अकोमा या मॅस्टोडॉनसारख्याच सॉफ्टवेअरमध्ये ॲडमिनला शब्दांचं धोरण लावता येतं, लेमी या रेडिटसारख्या चर्चेच्या सॉफ्टवेअरमध्येही गाळणी आहे. मराठीत दोन्हीकडे फजिती होते.

'पूर्ण शब्द' ही खूण ठेवली तर 'गाढव' सापडतं, पण गाढवा, गाढवाला, गाढवांनो सुटतात, कारण आपल्याकडे प्रत्यय शब्दालाच चिकटतो. खूण काढली तर 'मार' शोधताना मारुती, कुमार, मारवा सगळे अडकतात. वर दिसायला एक पण आत वेगळं अशी अक्षरं: 'ऱ्य' दोन तऱ्हेने टंकता येतो, पूर्ण 'ऱ' घेऊन किंवा साध्या 'र्' नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणाने (सारखी अक्षरं एकरूप करण्याने) हे दोन एक होत नाहीत. ज्याला फिल्टर चुकवायचाय तो शब्दाच्या मधोमध असं अदृश्य चिन्ह घालतो, वाचणाऱ्याला काही कळत नाही. भोगतो कोण? जो शिवीबद्दल तक्रार करताना ती जशीच्या तशी उद्धृत करतो, तोच पकडला जातो.

यंत्रभाषांतरावर विसंबून मराठी पोस्टचा निवाडा करणारे बाहेरचे मॉडरेटरही असतात. टोमणा आणि धमकी दोन्ही भाषांतरात सपाट होतात. तुमच्या सदस्याची तक्रार बाहेर पाठवताना टिप्पणीत दोन ओळींचा इंग्रजी खुलासा जोडत जा.

दादर_स्लो

अवांतर: कुमार नावाच्या सगळ्या सदस्यांतर्फे अक्षरजुळणींचे आभार. :)

पारसिक

पारदर्शकतेसाठी लेमीकडे बघा. तिथे मॉडरेशनची नोंदवही सार्वजनिक असते: कुठली पोस्ट काढली, कोणाला बॅन केलं, कारण काय. कृती करणाऱ्याचं नाव लपवायची सेटिंग आहे, पण कृती लपत नाही. मॅस्टोडॉनचा ऑडिट लॉग मॉडरेटरांपुरताच.

आणि गंमत अशी की पक्षपाताच्या तक्रारी लेमीवरच मोठ्याने झाल्या. मूळ विकासकांच्या सर्व्हरवर त्यांच्या राजकीय भूमिकेविरुद्धच्या पोस्ट काढल्या जातात, हा जुना आक्षेप आहे. शिव्यांची गाळणी तर सुरुवातीला कोडमध्येच पक्की बसवली होती, ॲडमिनला बदलता येत नव्हती. बऱ्याच वादानंतर ती सेटिंगमध्ये आली. पण हा आक्षेप घेता आला तो नोंदवही उघडी होती म्हणूनच. जून २०२३ मध्ये बीहॉ या लेमी सर्व्हरने लेमी.वर्ल्डसकट दोन मोठ्या सर्व्हरांशी संबंध तोडले तेव्हाही कारण जाहीर लिहिलं: तिथे नोंदणी खुली, मॉडरेशनची साधनं अपुरी, आमच्या चार माणसांना झेपत नाही. ते कारण पटो न पटो, वाद घालायला समोर काहीतरी होतं.

श्रावणसर

ब्लूस्काय या ट्विटरसारख्या मंचाचं काय? तिथे म्हणे ज्याला हवं त्याने आपला मॉडरेटर निवडायचा.

पारसिक

कल्पना चांगली आहे. लेबल लावणाऱ्या स्वतंत्र सेवा असतात, तुम्ही हव्या त्या निवडता, लेबल दिसलं की लपवायचं का इशारा दाखवायचा ते तुम्ही ठरवता. त्यासाठीचं ओझोन हे साधन २०२४ च्या मार्चमध्ये खुलं केलं. पण कंपनीचं स्वतःचं लेबलर अधिकृत ॲपमध्ये कायम चालू असतं. एप्रिल २०२५ मध्ये तुर्कस्तान सरकारच्या मागणीवरून काही खाती त्या देशात दिसेनाशी केली ती याच यंत्रणेने. दुसऱ्या ॲपमधून ती दिसू शकत होती. म्हणजे सरकारला फास आवळायला सोपी जागा आहे, आणि माणसाला निसटायलाही जागा आहे.

निशिगंध

'नाही आवडलं तर दुसऱ्या सर्व्हरवर जा' हे फेडिव्हर्सचं (एकमेकांशी जोडलेल्या या सर्व्हरांच्या जाळ्याचं) आवडतं उत्तर. त्याची खरी किंमत कोणीतरी लिहा.

सर्व्हर_मुलुंड

लिहितो. नव्या खात्यात आधी जुन्या खात्याचं उपनाव नोंदवायचं. मग जुन्या खात्यातून पासवर्ड देऊन स्थलांतर करायचं. अनुयायी हळूहळू नव्या खात्यावर जातात. तुम्ही ज्यांना अनुसरता ते, ब्लॉक, म्यूट, बुकमार्क या सीएसव्ही फाइली हाताने उतरवून चढवायच्या. पोस्ट येत नाहीत, त्या जुन्या जागीच राहतात. एकदा हललात की ३० दिवस पुन्हा हलता येत नाही.

मुख्य अट ही की जुना सर्व्हर चालू हवा आणि तुम्ही तिथे निलंबित नसावं. निलंबित माणसाला स्थलांतर करता येत नाही. म्हणजे पक्षपाती ॲडमिनपासून पळायची सोय नेमकी त्याच ॲडमिनच्या हाती. उमाताई, तुमच्या नियमावलीत ही एक ओळ घाला, दुसरं काही नाही घातलंत तरी चालेल: तातडीचा धोका नसेल तर आधी खातं मर्यादित, सदस्याला १५ दिवसांची लेखी मुदत, तेवढ्यात त्याने दुसरीकडे जावं, मग निलंबन. मर्यादित खात्यातून स्थलांतर बिनदिक्कत होतं.

खटपट्या

आणि सर्व्हरच बंद पडला तर? मॅस्टोडॉन.लोलच्या ॲडमिनने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर केलं की वादांना कंटाळलो, मे महिन्यात बंद करतो. हजारो सदस्यांना निदान तीन महिने मिळाले. मॅस्टोडॉनच्या सर्व्हर करारनाम्यातही तेच आहे: बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना, रोजचा बॅकअप, आणि आणीबाणीत सर्व्हरपर्यंत पोचू शकणारा किमान एक दुसरा माणूस. डोमेनचाही विचार करा. क्विअर.एएफ हा सर्व्हर अफगाणिस्तानच्या डोमेनवर होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या ताब्यातल्या मंत्रालयाने ते डोमेनच काढून घेतलं.

गिरगाव_गल्ली

सगळे काढण्याबद्दल बोलताय, वर आणण्याबद्दल कोणीच नाही. 'शोधा' पानावर कुठले हॅशटॅग, बातम्या, पोस्ट झळकायच्या हे मॅस्टोडॉनमध्ये मुळात मॉडरेटरच्या मंजुरीवर असतं. एका पक्षाच्या बातम्या लगेच मंजूर, दुसऱ्याच्या तशाच पडून, यात एकही पोस्ट उडत नाही आणि पक्षपात पुरा होतो. तक्रार कशाची करणार? तीन मॉडरेटर एका विचाराचे असतील तर सुरुवातीला ट्रेंड (ही झळकणारी यादी) बंदच ठेवा. दोनशे माणसांना स्थानिक टाइमलाइन पुरते.

उमा_पार्ले

सर्वांचे मनापासून आभार. इतकं तपशिलात मिळेल असं वाटलं नव्हतं. आत्तापर्यंतचा कच्चा मसुदा देते, चिरफाड करा.

नियम सहा, वागणुकीचे. प्रत्येक कारवाईला लेखी कारण आणि ईमेल सक्तीची. निलंबनाला दोन मॉडरेटरांची सही, तातडी असेल तर एकाने मर्यादित करायचं. हद्दपारीआधी १५ दिवस. अपील तिसऱ्याकडे. बाहेरच्या ब्लॉकची यादी सर्वांना खुली, सार्वजनिक टिपेसह. ट्रेंड बंद. तक्रार अधिकारी म्हणून माझं नाव. लेमीसारखी नोंदवही नाही म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला एक पोस्ट: किती तक्रारी, कुठल्या नियमाखाली, काय केलं, किती निर्णय अपिलात फिरले. चौथा मॉडरेटर वेगळ्या मताचा शोधते आहे.

वकील_फोर्ट

मसुदा चांगला आहे. तक्रार अधिकारी आणि डोमेनची मालकी एकाच व्यक्तीकडे नको. आणि मासिक पोस्टमध्ये कारवाई झालेल्या सदस्याचं नाव देऊ नका, पोस्टही उद्धृत करू नका. छोट्या सर्व्हरवर दोन तपशिलांवरून माणूस ओळखू येतो आणि प्रकरण बदनामीच्या दाव्यापर्यंत जाऊ शकतं. नियम क्रमांक आणि कृती एवढंच.

निशिगंध

'अपील तिसऱ्याकडे' इथे अडतंय. तक्रार त्या तिसऱ्याविरुद्धच असली तर? सोसायटीच्या कमिटीत सेक्रेटरीविरुद्धचा अर्ज सेक्रेटरीच फाइल करतो, तसं होईल. मॉडरेटरविरुद्धच्या तक्रारीसाठी सर्व्हरबाहेरचा एक माणूस हवा. दुसऱ्या एखाद्या भारतीय भाषेतल्या सर्व्हरच्या ॲडमिनशी अदलाबदल करा: त्यांची अपिलं तुम्ही बघा, तुमची ते.

मुक्तछंद

आणि खासगी संदेशांबद्दल नियमाच्या पानावर ठळक लिहा. मॅस्टोडॉनचे खासगी संदेश एन्क्रिप्ट नसतात. तक्रारीला जोडलेला संदेश मॉडरेटरला दिसतो, आणि डेटाबेसपर्यंत पोच असलेला माणूस सगळेच वाचू शकतो. लोक ते खासगी समजून मॉडरेटरबद्दलच काहीबाही लिहितात.

उमा_पार्ले

दोन्ही घेते. डेटाबेसचा पासवर्ड मॉडरेटरांपैकी कोणाकडेच नसेल, तो तांत्रिक काम बघणाऱ्या दोघांकडे राहील आणि त्या दोघांना मॉडरेशनचा अधिकार नसेल. निशिगंध, भाषेची अडचण येईल ना पण? बाहेरच्या ॲडमिनला मराठी पोस्ट कळणार कशी?

अक्षरजुळणी

त्यांच्याकडे मूळ पोस्ट, दोन्ही बाजूंनी आपापलं केलेलं भाषांतर, आणि कुठल्या नियमाखाली कारवाई झाली तो नियम, असे चार कागद पाठवायचे. दोन भाषांतरं जिथे जुळत नाहीत तेवढ्यावरच त्यांनी प्रश्न विचारावेत. एक सूचना: मूळ पोस्टचा स्क्रीनशॉट नको, मजकूर पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये लेखकाचं नाव आणि फोटो आपसूक जातो.